बोहारणीच्या आधी पोचलेली बाई

आमच्या आजीची पैठणी जरीच्या भावाने गेली. दारावर आलेल्या माणसाने ती तराजूत घातली, पैसे मोजले, आणि घरात कुणाला वाईटही वाटलं नाही. रोजची लुगडी बोहारणीला दिली. बदल्यात आलेलं पातेलं अजून आहे, परवाच त्यात साबुदाणा भिजवला.

हे आठवलं ते सॉक जुसॉन या कोरियन बाईंमुळे. जन्म १९११, प्योंगयांगचा. पारंपरिक कोरियन पोशाखाचा अभ्यास करणाऱ्यांत त्यांचं नाव पहिल्या फळीत घेतात. पण त्यांच्याबद्दल वाचायला बसलं की आधी भाऊच भेटतो. सॉक जुम्यॉन्ग, फुलपाखरांचा मोठा संशोधक. ऑक्टोबर १९५० मध्ये, कोरियन युद्धाच्या धामधुमीत, सोलमध्ये त्याला गोळी घातली. पुढे शहर सोडून पळायची वेळ आली तेव्हा बहिणीने त्याची हस्तलिखितं पाठीवर घेतली आणि निघाली. त्यातले कुठलं फुलपाखरू कुठे आढळतं याचे नकाशे १९७३ मध्ये छापून आले.

गोष्ट सुंदर आहे, मान्य. पण बाईंची ओळख तिथेच संपते, हे मला खटकतं. भावाचे कागद वाचवणारी बहीण म्हटलं की डोळे पाणावतात. जुन्या जॅकेटाची शिवण मोजत बसणारी बाई म्हटलं की लोक जांभई देतात.

खरी गंमत त्या शिवणीतच आहे. हानबोक म्हणजे पारंपरिक कोरियन पोशाख, त्यातलं वरचं आखूड जॅकेट म्हणजे जॉगोरी. त्याच्या गळपट्टीवर पांढरी अरुंद पट्टी टाचलेली असते, तिला दोंगजॉंग म्हणतात. मान लागून मळते ती हीच, म्हणून तेवढी काढायची, नवी लावायची. सगळा कपडा धुवायचा तर अख्खा उसवायचा, तुकडे धुवायचे, खळ घालायची, दगडावर ठेवून लाकडी दांडक्यांनी बडवून चकाकी आणायची आणि पुन्हा शिवायचा. आता सांगा, एवढा उसवला-शिवला गेलेला कपडा शंभर वर्षं टिकणार कसा?

टिकला तो थडग्यांत. जोसॉन राजघराण्याच्या काळात (१३९२ ते १९१०) वरच्या घरांतल्या शवपेटीभोवती चुना, वाळू आणि मातीचं मिश्रण ओतायचे. ते दगडासारखं घट्ट व्हायचं, आत हवा जायची नाही. पेटीत रिकामी जागा राहू नये म्हणून मृताचे, कधी नातेवाइकांचेही कपडे कोंबायचे. शेकडो वर्षांनी वंशज थडगं हलवतात तेव्हा ते बाहेर येतात. वास काय येत असेल, कल्पना करा! अशाच कपड्यांवरून कळलं की सोळाव्या शतकात कंबरेखाली येणारी बायकांची जॉगोरी एकोणिसाव्याच्या शेवटी जेमतेम छाती झाकण्याइतकी आखूड झाली. नुसती चित्रं बघून फॅशन कळते. शिवण, अस्तर, ठिगळ कळायला कापडच हातात लागतं.

बाई आयुष्यभर हेच गोळा करत राहिल्या. १९७१ मध्ये त्यांचा कोरियन पोशाखाचा इतिहास प्रसिद्ध झाला. १९८१ मध्ये ३,३६५ वस्तू त्यांनी दानगुक विद्यापीठाला देऊन टाकल्या आणि त्यांच्या नावाचं संग्रहालय उभं राहिलं. जोसॉन घराण्यातल्या राजकन्या दॉगॉनचा दांगी, म्हणजे समारंभात घालायचा लांब अंगरखा, तिथेच आहे. देशाच्या लोकवारशाच्या यादीत त्याला क्रमांक १ मिळाला होता.

राजकन्येचे कपडे कुणीही जपेल, असं कुणी म्हणेल. मला नाही पटत. आमची पैठणीच बघा ना, भारी होती म्हणूनच तराजूत गेली.

काल आईला विचारलं, आजीच्या लुगड्याचा एखादा तुकडा तरी? ती म्हणाली, "गोधडीत असेल बघ, आतल्या थरात." गोधडी काढली. एका कोपऱ्यात टाके सुटलेत, तिथून हिरवट काठ डोकावतोय. उसवावी की नाही, यावर घरात अजून एकमत झालेलं नाही.