नेटवर्क ड्राइव्ह, दिवाळी अंक आणि ८०० रुपये: एका स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार आप्पा,

तुम्ही एक स्टार दिलात. आम्ही बसवलेल्या सीएमएसचा (अंकाच्या फाइली सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा) वेबडॅव्ह ड्राइव्ह, म्हणजे सर्व्हरवरच्या फाइली साध्या फोल्डरसारख्या दाखवणारी जोडणी, प्रेसच्या नव्या कॉम्प्युटरवर उघडत नाही, पासवर्ड पुन्हा पुन्हा मागतो, गेल्या वर्षीचा दिवाळी अंक त्यातून बाहेर निघत नाही, सर्व्हर भंगार आहे, फोन उचलत नाही, आणि वरून दोन बटणं दाबायचे ८०० रुपये घेतले, असं लिहिलंत. धुळे-नंदुरबारकडची आमची बरीच गिऱ्हाइकं हे वाचतात, म्हणून उत्तरही इथंच देतो. जरा लांबेल.

आधी सर्व्हरचं बोलू, कारण सगळ्यात जास्त शिव्या त्यालाच बसल्यात. तुमच्यासमोर त्याच लॉगिनने ब्राउझरमधून रिपॉझिटरी (सर्व्हरवरचा फाइलींचा साठा) उघडली आणि दिवाळी अंकाची अख्खी पीडीएफ उतरवून दाखवली. शेजारच्या जुन्या मशीनवर ड्राइव्ह तेव्हाही चालू होता. सर्व्हर गेला असता तर सगळीकडेच बोंब झाली असती. घोळ फक्त नव्या मशीनच्या विंडोजमध्ये होता, आणि तोही एक नव्हता.

ड्राइव्ह जोडताना 'नेटवर्क नेम सापडत नाही' असं येत होतं. ते ऐकून कुणीही केबल नाहीतर राउटर बघायला धावेल. विंडोजमध्ये वेबडॅव्हचं काम वेबक्लायंट नावाची सर्व्हिस करते आणि तुमच्याकडे ती बंद होती. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०२३ मध्ये ती डेप्रिकेटेड, म्हणजे पुढे बंद करायच्या यादीतली, जाहीर केली. आता ती आपोआप सुरू होत नाही, हातानं सुरू करावी लागते. त्यामुळे सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, त्या मशीनची एकही प्रॉपफाइंड रिक्वेस्ट नव्हती. फोल्डरची यादी मागायला वेबडॅव्ह हीच रिक्वेस्ट पाठवतं. ती येऊन ४०५ ('ही रिक्वेस्ट इथं चालत नाही') मिळाला असता तर मधल्या प्रॉक्सीवर किंवा फायरवॉलवर संशय घेतला असता. इथं तर ती मशीनच्या बाहेरच पडत नव्हती.

सर्व्हिस सुरू केल्यावर पासवर्डचं नाटक सुरू झालं. आता लॉगमध्ये ४०१ ('आधी लॉगिन करा') दिसायला लागले, पण युजरनेमच्या जागी नुसती आडवी रेघ. पासवर्ड चुकला नव्हता, विंडोज तो पाठवतच नव्हतं. तुमच्या भाच्याने सर्व्हरचा आतला, ८०८० पोर्टचा, साध्या एचटीटीपीचा पत्ता टाकला होता. अशा उघड्या जोडणीवर बेसिक ऑथेंटिकेशन (नाव-पासवर्ड पाठवायची सगळ्यात साधी पद्धत) करायचं नाही, हा विंडोजचा मूळचा नियम आहे. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगमध्ये) बेसिकऑथलेव्हल १ चं २ केलं की तो नियम सुटतो. भाच्याने व्हिडिओ बघून हाच उपाय सुचवला होता आणि मी तो मुद्दाम केला नाही. बेसिकमध्ये पासवर्ड फक्त बेस६४ मध्ये जातो, तो उलगडायला काही लागत नाही. आणि तुमचं वायफाय लग्नपत्रिका छापायला आलेल्या पाहुण्यांनाही चालतं! म्हणून एचटीटीपीएसचा, म्हणजे सगळं कुलूपबंद पाठवणारा, पत्ता टाकला, पासवर्ड एकदाच विचारला, ड्राइव्ह उघडला. पोरगं हुशार आहे, त्याच्यावर माझा राग नाही, पण ती सेटिंग त्याला करू देऊ नका.

दिवाळी अंकाचं वेगळंच. लहान फाइली कॉपी होत होत्या, हा मात्र अडायचा आणि 'आकार मर्यादेबाहेर आहे' असा एरर यायचा. ही मर्यादा सर्व्हरची नाही. वेबक्लायंट मुळात ५ कोटी बाइटच्या, म्हणजे साधारण ४७ एमबीच्या, वरची फाइल घेत नाही. रंगीत जाहिरातींच्या पानांनी अंक त्याच्या कितीतरी पुढे गेलाय. जुन्या मशीनवर आम्ही ही मर्यादा आधीच वाढवून ठेवली होती. नवी मशीन तुम्ही दुसरीकडून घेतलीत, जोडताना आम्हाला बोलावलं नाही. आता रजिस्ट्रीत फाइलसाइजलिमिटइनबाइट्स वाढवून सर्व्हिस रीस्टार्ट केली आहे. ही मर्यादा ४ जीबीच्या पुढे नेता येत नाही, पण तेवढा अंक छापायला कागद तरी कुठून आणाल?

फोनचं म्हणाल तर त्या दुपारी मी फैजपूरला दुसऱ्या कामावर होतो. संध्याकाळी मीच उलटा फोन केला होता.

८०० रुपये तपासणीचे होते. जळगावहून निघण्याआधी व्हॉट्सॲपवर लिहून पाठवले होते आणि तुम्ही 'या' म्हणालात. ते परत करणार नाही. त्यातला बराचसा वेळ लॉग वाचण्यात गेला, बटणं दाबण्यात नाही. सेटिंगचे वेगळे पैसे लावलेले नाहीत.

एक काम राहिलंय. तुमच्या हिशेबनिसांचं मशीन त्या दिवशी बंद होतं, त्यावर अजून जुनाच पत्ता असणार. ते चालू करून ॲडमिन पासवर्ड जवळ ठेवा आणि दुकान उघडल्यावर फोन करा, रिमोटवरून करून देतो, त्याचे पैसे नाहीत. आणि यंदाच्या अंकाच्या मोठ्या फाइली ड्राइव्हवर ओढत बसू नका. ब्राउझरमधून चढवा, नाहीतर विनएससीपी (फाइली चढवायचं-उतरवायचं सॉफ्टवेअर) टाकून देतो. तेही वेबडॅव्हच बोलतं, पण वेबक्लायंटच्या वाटेला जात नाही.