चिवड्याचा डबा आणि जिभेवरचा ताबा

सोसायटीच्या ग्रुपवर या आठवड्यात तिसऱ्यांदा तोच मेसेज फिरला. सार असं: खऱ्या टेन्शनमध्ये भूक मरते, म्हणून टेन्शनमुळे खातो म्हणणारे निमित्तं शोधतात. गोड खावंसं वाटलं तर मॅग्नेशियम कमी समजा. उपाय एकच, रात्रीचं जेवण बंद करून जिभेवर ताबा मिळवा. शेवटी जोडलेले हात आणि ‘पुढे पाठवा’.

भूक मरते, हे निम्मं खरं. अचानक धक्का बसला की मेंदूतलं सीआरएच हे हॉर्मोन आणि अ‍ॅड्रेनालिन भूक दाबतात. बाबांच्या बायपासच्या दिवशी माझ्या घशाखाली पाणीसुद्धा उतरत नव्हतं. पण नंतरचे चार महिने? औषधांच्या वेळा, रजा संपलेली, घराचा हप्ता. ताण असा मुक्कामाला आला की कॉर्टिसॉल हे ताणाचं हॉर्मोन चढं राहतं आणि ते भूक वाढवतं, त्यातही ओढ गोडाची न् तळणीची. रात्री साडेअकराला मी ओट्याशी उभी. चिवड्याच्या डब्यातून आधी शेंगदाणे, मग खोबऱ्याचे काप, मग डाळं. झाकण वाजून कुणी उठू नये म्हणून ते बोटांनी दाबून धरलेलं. दोन तासांपूर्वीच पोटभर जेवले होते. त्याच घरात, त्याच काळात दादाची पँट मात्र कमरेत सैल झाली. दोघांपैकी नाटक कोण करत होतं?

मॅग्नेशियमचं काय सांगावं! ते भोपळ्याच्या बियांत चॉकलेटपेक्षा जास्त असतं. पण मध्यरात्री उठून भोपळ्याच्या बिया शोधणारा माणूस मला अजून भेटायचाय.

मेसेजमध्ये झोपेचा तर उल्लेखही नाही. ताण पहिला घाला झोपेवर घालतो. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी 12 निरोगी तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं. 2004 मध्ये निष्कर्ष आले. पुरेशा झोपेच्या तुलनेत पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन 18 टक्क्यांनी कमी, भूक चाळवणारं घ्रेलिन 28 टक्क्यांनी जास्त. माणसं बाराच होती, त्यामुळे हे आकडे दगडावरची रेघ नव्हेत. पण जागरणानंतर वडापावची गाडी कशी खुणावते, हे रात्रपाळीवाल्यांना वेगळं सांगायला नको.

आता तो उपाय. 1944-45 मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी 36 तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. हे कच्च्या मनाचे नव्हते. तत्त्वासाठी युद्धात लढायला नकार दिलेले लोक होते. तेही दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागले, ताटल्या चाटू लागले, काहींनी पाककृतींची पुस्तकं जमवली. प्रयोग संपल्यावर कित्येकांचं खाणं आवरेना. एक रात्रीचं जेवण सोडणं म्हणजे ती उपासमार नव्हे, कबूल. पण दिवसभर मन मारायचं आणि रात्री डबा उपसायचा, ही गंमत आपल्याला नवी नाही. एकादशी आणि दुप्पट खाशी आपणच म्हणतो ना? मी जेवण सोडलं त्या आठवड्यात चिवड्याचे दोन डबे संपले.

हे खाणं हाताबाहेर जात असेल, लपूनछपून होत असेल, नंतर स्वतःचीच किळस येत असेल, तर डॉक्टरांशी बोला. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे. जिभेला शिव्या घालून काही होत नाही, मी घालून पाहिल्यात.

हल्ली मी चिवडा वाटीत काढून घेते आणि बसून खाते. परवा दुसरी वाटीही घेतली. झाकण वाजलं, वाजू दिलं.