पंक्चर झालेला पाय

सकाळपासून हा तिसरा. "गुरुजी, पाय पंक्चर झाला म्हणे?"

ही बातमी समोरच्या पंक्चरवाल्याची. काल ओसरीत डाव्या पायाला सूज उतरवणाऱ्या पंपाची स्लीव्ह, म्हणजे हवेनं फुगणारी बाही, चढवून पडलो होतो. हत्तीरोगाची सूज, पाऊण तास हलायचं नाही. माणूस असा अडकलेला दिसला की गावाला नेमकी फुरसत होते.

"हवा किती टाकता?" पंक्चरवाल्यानं विचारलं.

"चाळीस."

"चाळीस पौंड! बुलेटलेबी इतकी नाही लागत."

"पौंड नाही रे. पाऱ्याचे मिलिमीटर, बीपीसारखे. तुझ्या हिशेबानं पाऊण पौंड." (एकके याला सातवीत मीच शिकवली, म्हणून जास्त बोलवत नाही.)

"पाऊण पौंडात सूज काय उतरते? थांबा, वाढवून देतो." हात थेट बटणावर! मी ओरडलो. कातडीखालच्या लसीकावाहिन्या, म्हणजे अंगातलं साचणारं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या, नाजूक असतात, जादा दाबानं त्याच चेपतात. मुंग्या आल्या, दुखलं, बोटं निळी पडली तर यंत्र बंद करायचं असतं. तो तोवर नळ्या मोजत होता.

"आठ कायले?"

आधी पावलाचा कप्पा फुगतो, मग घोटा, पोटरी, मांडी. नळ्या उलट्या लागल्या तर वरचा कप्पा आधी आवळतो अन् पाणी पावलातच कोंडतं.

"म्हणजे व्हॉल उलटा बसला!" हे मात्र त्याला पटकन कळलं, कबूल करतो.

"उद्या माह्या मायलेबी लावू. कालपासून तिची एकच पोटरी सुजली. लय ठणकते."

"मुळीच नाही! आत रक्ताची गुठळी असली अन् पंपानं सुटून फुप्फुसात गेली तर? लाली-ताप असेल तर जंतुसंसर्ग. हृदय कमजोर असलं तर पायातलं पाणी छातीवर येतं. आधी दवाखाना, डॉप्लर म्हणजे शिरांची सोनोग्राफी."

"मशीन द्यायची नाही तं सरळ सांगा नं, गुरुजी."

मी कंजूस! तेवढ्यात लाइन गेली. स्लीव्ह अर्धी फुगलेली राहिली, म्हणून नळ्यांचा जोड उपसला. फुस्स. तो आवाज त्यानं चौकापर्यंत नेला.

पंपानंतर पट्टी बांधली नाही तर उतरलेली सूज परत भरते. या उन्हात मांडीपर्यंत पट्टी म्हणजे काय, ते कोणी विचारत नाही. तसाच दुपारी त्याच्या दुकानावर गेलो. मायला सकाळीच दवाखान्यात नेल्याचं त्याच्या बायकोनं सांगितलं. त्यानं माझ्या पायाकडे पाहिलं अन् गिऱ्हाइकाला म्हणाला, "पाहा, पॅच मारला."