फुलं नंतरची, आधी काजळीच!

नमस्कार, तुमची कमेंट दोनदा वाचली. माझ्या पोस्टमधलं 'शेकडो वर्षांची परंपरा' हे वाक्य पकडून तुम्ही म्हणताय की पोलंडमधल्या झालिप्ये गावची ही फुलांनी रंगवलेली घरं म्हणजे स्पर्धा आणि टुरिस्टांसाठी केलेली रंगरंगोटी आहे, याला लोककला कसली म्हणायची. त्यातलं 'शेकडो वर्षं' मी भरात लिहून गेले हे मान्य, ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटची, पोस्टमध्ये दुरुस्त केलंय.

पण टुरिस्टांचं काही पटलं नाही बघा. तार्नुफजवळच्या या गावात तेव्हा घरांना धुराडी नव्हती, चुलीचा धूर छपराच्या भोकातून जाईल तेवढा जायचा, उरलेला भिंतींवर बसायचा. आजीच्या घरची चुलीमागची भिंत ज्यांनी बघितलीय त्यांना वेगळं सांगायला नको. सणावाराला बायका त्या काजळीवर चुन्याचे ठिपके मारायच्या, नुसते ओबडधोबड पांढरे डाग, फुलंबिलं काही नाही. पुढे धुराडी आली, भिंती पांढऱ्या राहायला लागल्या आणि मग त्यावर रंगीत फुलं आली, ब्रश कसला तर गाईच्या शेपटीच्या केसांचा! आता सांगा, तेव्हा तिथे कोण टुरिस्ट येणार होता?

घरं रंगवायच्या स्पर्धेचं मात्र खरंय. 1948 पासूनची आहे ती, महायुद्धानंतरची, आणि आज विहिरी नि कुत्र्याची खोपटी पण रंगवलेली दिसतात त्यात बघणाऱ्यांचा वाटा आहेच, नाही म्हणत नाही मी. पण तिथल्याच चित्रकार फेलित्स्या त्सुरिवोवा (1904–1974) यांचं घर आता म्युझियम आहे, त्याचे आतले फोटो बघा एकदा. स्वयंपाकघरात चुलीवर फुलं काढलीयत, जी भिंती काळ्या करायची तिच्यावरच! मला तर हसूच आलं.

आणि पोस्टच्या फोटोतलं ते गवताचं झुंबर 'शाळेतल्या क्राफ्टसारखं' वाटलं म्हणालात. ते पायाँक, म्हणजे पोलिशमध्ये आठ पायांचा कोळी, पोलंडमध्ये बऱ्याच खेड्यांत करायचे. धान्याच्या काड्या आणि रंगीत कागद दोऱ्यात ओवून ख्रिसमस-ईस्टरला छताला टांगायचं, वजन असं काहीच नाही, त्यामुळे कोणी दार उघडलं तरी हळूच गिरकी घेतं. फोटोत ते कळत नाही, व्हिडिओ मिळाला की टाकते.