जन्मतः दात कमी असलेल्या मुलांबद्दलचा तो मेसेज चुकीचा आहे

पुण्यातल्या पालकांच्या ग्रुप्सवर फिरतंय की जन्मापासून दात कमी असलेल्या मुलांना कॅल्शियम द्या, दात येतील, आणि कवळी १८ नंतरच. दोन्ही चूक. मी लहान मुलांची डेंटिस्ट आहे, अशी मुलं बघते म्हणून सांगते, एक्टोडर्मल डिस्प्लेजियात (म्हणजे त्वचा, केस, दात नीट न घडण्याच्या जन्मजात आजारात, ज्यात जन्मापासून दात कमी असतात) जीन्समधल्या दोषामुळे न आलेल्या दातांचा अंकुरच तयार झालेला नसतो, ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याच्या एक्सरेत ते सरळ दिसतं, मग कॅल्शियम देऊन दात येणार कुठून? कवळी मात्र ३-४ वर्षांपासूनही बसवता येते, जबडा वाढेल तशी बदलत राहावी लागते. थांबायचं असतं ते बहुतेकदा इम्प्लांटसाठी (जबड्यात स्क्रूसारखं बसवायचं दाताचं कृत्रिम मूळ), कारण तो हाडात पक्का बसतो, वाढत्या जबड्याबरोबर सरकत नाही. पण तोवर पोराला नीट चावता-बोलता यायला नको का? प्लीज, तो मेसेज पुढे पाठवू नका, आणि ज्यांना पाठवलाय त्यांना हे कळवा.