'तुम्हाला हक्क कोणी दिला' या कमेंटला माझं उत्तर

बोटांच्या ठशांवरून मुलांची बुद्धिमत्ता सांगणाऱ्या डीएमआयटी टेस्टवर मी मागच्या आठवड्यात लिहिलं, त्याखाली 'घोडबंदर पालक' या नावाने एक लांबलचक कमेंट आली आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी त्यांचं म्हणणं थोडक्यात सांगते. त्यांनी मुलीची टेस्ट केली आणि रिपोर्ट तंतोतंत जुळला. डर्मॅटोग्लिफिक्स, म्हणजे बोटांच्या आणि तळव्याच्या रेघांचा अभ्यास, हे १९२६ पासूनचं शास्त्र आहे आणि मी ते लपवलं. एकच मोघम वर्णन सगळ्यांना आपलंच वाटतं हे दाखवणाऱ्या, मानसशास्त्रज्ञ फोररच्या ज्या प्रयोगाचा मी दाखला दिला त्यात फक्त ३९ विद्यार्थी होते. पैसे त्यांचे, मुलगी त्यांची, मला काय त्रास. आणि मग हे वाक्य, जसंच्या तसं: "ताई, तुमच्या मानसशास्त्रातले शंभरातले चौसष्ट प्रयोग परत करून बघितल्यावर खोटे निघाले हे तुम्हीच मागे लिहिलंत, मग दुसऱ्याच्या टेस्टला खोटं म्हणायचा हक्क तुम्हाला कोणी दिला, आधी जरा अभ्यास करा."

उत्तर देणार नव्हते खरं तर. पण त्या कमेंटला भरपूर लाइक आलेत, त्यात आमच्या नौपाड्यातले माझ्या ओळखीचे पालकही आहेत, आणि त्यातल्या एकीने मला थेट विचारलं की खरंच असं आहे का गं, चौसष्ट टक्के खोटं? म्हणून लिहितेय, आणि लांब होणार आहे, आधीच सांगते.

पहिलं म्हणजे भाषा. असहमत असाल तर जरूर असा, माझी काही हरकत नाही. पण 'ताई' म्हणून सुरुवात करायची आणि शेवटी 'आधी अभ्यास करा' म्हणून दार आपटायचं, ही कुठली पद्धत? हेच वाक्य तुम्ही एखाद्या पुरुष डॉक्टरला लिहिलं असतंत का, हे स्वतःला विचारा. मुद्दा खोडायचाय तर मुद्दा खोडा, समोरच्याची लायकी काढून तो खोडला जात नाही. आणि हक्काचंच विचारताय तर ऐका.

मी कलिन्याला सायकॉलॉजीत एम.ए. केलं, ठाण्याहून कुर्ल्यापर्यंत लोकल आणि पुढे बस असं करत. पहिली नोकरी वाशीला, शाळांना आणि कंपन्यांना टेस्ट विकणाऱ्या एका ऑफिसात, नाव घेत नाही. उत्तरपत्रिकेवर बरोबर उत्तरांचा साचा ठेवून मार्क मोजायचे आणि नॉर्म्सच्या, म्हणजे तुलनेसाठी आधी मोठ्या गटावरून काढलेल्या मार्कांच्या, टेबलात बघून पर्सेंटाइल (शंभरात कितव्या जागी) काढायचा, हे माझं काम. तिथे एक पर्सनॅलिटी टेस्ट होती, तिचे नॉर्म्स अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलांवर काढलेले, आणि आम्ही ती लावायचो ऐरोली-घणसोलीच्या नववीतल्या पोरांना. मी साहेबांना विचारलं की आपल्या मुलांवर याची व्हॅलिडिटी, म्हणजे टेस्ट जे मोजते म्हणते तेच मोजते का, हे कोणी तपासलंय का. तर म्हणाले, क्लायंट विचारतो का? मग तू कशाला विचारतेस. तेव्हापासून कुठल्याही टेस्टचं मॅन्युअल हातात आलं की मी आधी व्हॅलिडिटीचं प्रकरण उघडते, रंगीत पानं नंतर. पुढे ठाण्यातल्या शाळांमधून काउन्सेलर म्हणून काम केलं, कितीतरी मुलांना समोर बसवून बिने-कामत ही बुद्धिमत्ता चाचणी घेतली. कामतांनी १९३४ साली बिनेची टेस्ट मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांवर तपासून नव्याने बसवली होती, कारण परदेशातली टेस्ट उचलून आपल्या पोरांना लावली तर आकडा येतो पण त्याचा अर्थ लागत नाही, हे त्या माणसाला तेव्हा कळत होतं. आज तिचेही नॉर्म्स जुने झालेत आणि तेही आम्हीच, याच क्षेत्रातले लोक, वर्षानुवर्षं ओरडून सांगतोय. तर हा माझा अभ्यास. कमी वाटत असेल तर वाटू दे.

आता तुमचे ते चौसष्ट.

२०१५ साली अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ब्रायन नोसेक आणि त्यांच्यासोबत दोनशेहून जास्त संशोधकांनी मानसशास्त्राच्या नावाजलेल्या जर्नलांमधले १०० प्रयोग परत करून बघितले. मूळ पेपरांत, म्हणजे शोधनिबंधांत, ९७ टक्के वेळा निकाल सिग्निफिकंट (नुसत्या योगायोगाने येणं अवघड असा) आला होता, परत केल्यावर ३६ टक्के वेळाच आला, आणि परिणामाचा आकार सरासरी निम्म्यावर उतरला. हे मी लिहिलं होतं आणि परत लिहीन, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण त्यातून 'चौसष्ट खोटे निघाले' हे तुम्ही काढलंत, ते त्या पेपरात नाही. एकदा परत करून निकाल आला नाही याचा अर्थ सॅम्पल लहान पडलं असेल, माणसं वेगळी असतील, किंवा मूळ निकालच नशिबाने आलेला असेल, यातलं नेमकं काय ते पुढे शोधावं लागतं. आणि सगळीकडे सारखं चित्र पण नाही. स्मृती, लक्ष वगैरे विषयांवरचे साधारण निम्मे प्रयोग टिकले, सोशल सायकॉलॉजीतले पाव भागच. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून विसरण्याचा जो आलेख काढला तो २०१५ मध्ये परत करून बघितला, तसाच आला. म्हणजे काय टिकतं आणि काय नाही हे आज सांगता येतं, आणि ते त्या आकड्यामुळेच सांगता येतं.

आणि हा आकडा बाहेर काढला कोणी, हे तरी बघा. वर्तमानपत्रांनी नाही, सरकारने नाही. मानसशास्त्रज्ञांनीच काढला, स्वतःच्या आणि स्वतःच्या सरांच्या कामावर. डीडरिक स्टापेल हा नेदरलँड्समधला मोठा प्रोफेसर, डेटा घरी बसून बनवायचा, २०११ मध्ये त्याच्याच विभागातल्या तरुण संशोधकांनी त्याला पकडून दिलं आणि त्याचे ५८ पेपर मागे घेतले गेले. छाती काढून हात कमरेवर ठेवून उभं राहिलं की हॉर्मोन बदलतात आणि आत्मविश्वास वाढतो, हा २०१० चा पॉवर पोझचा पेपर आठवत असेल, आपल्याकडच्या प्रत्येक पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटच्या क्लासमध्ये शिकवतात तो. मूळ प्रयोगात ४२ माणसं होती. दुसऱ्यांनी २०० माणसं घेऊन केला तर हॉर्मोनवर परिणाम आला नाही. आणि २०१६ मध्ये त्या पेपरच्या पहिल्या लेखिकेने, डॅना कार्नी यांनी, जाहीर लिहून टाकलं की हा परिणाम खरा आहे असं मला आता वाटत नाही. स्वतःच्या नावावरचा, जगभर गाजलेला पेपर!

असं एक तरी उदाहरण मला ठशांच्या टेस्टमधलं दाखवा. एकाही सेंटरने कधी म्हटलंय का की आमचा अमुक दावा तपासला आणि तो बसला नाही? हे लोक स्वतःच सांगतात की आमच्याकडे हजारो मुलांचे ठसे आहेत. मग त्यातल्या पाचशे मुलांचे रिपोर्ट पाकिटात बंद करून ठेवायचे, ज्यांनी ते बघितलेले नाहीत अशा लोकांकडून त्या मुलांची गणिताची, भाषेची, संगीताची नीट परीक्षा घ्यायची, आणि मग पाकिटं उघडायची. कुठल्या आकड्यावर हरलो असं मानायचं ते आधीच लिहून ठेवायचं. यात काही रॉकेट उडवायचं नाहीये. असा अभ्यास करून त्यात ही टेस्ट पास झाल्याचं दाखवा, मी माझा लेख काढून टाकते. ज्या क्षेत्राने शंभर वेळा परीक्षा देऊन छत्तीस वेळा पास झाल्याचं स्वतः जाहीर केलं ते लबाड, आणि जे परीक्षेलाच बसलं नाही ते शास्त्र, हा तुमचा हिशोब मला खरंच समजत नाही.

हां, एक मान्य करते. डर्मॅटोग्लिफिक्स हे नाव हॅरोल्ड कमिन्स यांनी १९२६ मध्ये दिलं आणि तो खरा अभ्यासविषय आहे, डाउन सिंड्रोममध्ये हाताच्या रेषांची ठेवण वेगळी असते वगैरे त्यातूनच कळलं. ते माझ्या लेखात यायला हवं होतं. पण तिथून 'अंगठ्यावर चक्र आहे म्हणून मुलगी मॅनेजर होईल' इथपर्यंत कोणी कसं पोचलं ते कमिन्सच्या कामात नाही, आणि बुद्धिमत्ता एक नसून अनेक प्रकारची असते हा मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांचा १९८३ चा जो सिद्धांत ही टेस्ट वापरते, त्यात तर ठशांचा संबंधच नाही. दोन खरी नावं शेजारी छापली की मधली रिकामी जागा भरून निघत नाही.

या टेस्टमध्ये लोक फसतात ते एका ठिकाणी, आणि शिकलेले लोक जास्त फसतात. ठसे आईच्या पोटात असतानाच तयार होतात आणि मग बदलत नाहीत. त्यामुळे आज स्कॅन करा, पाच वर्षांनी करा, रेघा मोजल्या तर आकडा तोच. याला रिलायबिलिटी म्हणतात, आणि ती इथे उत्तम आहे, आमच्या कुठल्याही बुद्धिमत्ता चाचणीपेक्षा चांगली. पण व्हॅलिडिटी म्हणजे तो आकडा ज्याचा आहे असं तुम्ही सांगताय त्याचाच आहे का, हा पूर्ण वेगळा प्रश्न आहे. तुमच्या बुटाचा नंबर दहा वेळा मोजला तरी तोच येईल, म्हणून त्यावरून तुमचं गणित कसं आहे ते सांगता येईल का? पालक बघतात की मशीन आहे, दशांश चिन्हापर्यंत टक्के आहेत, परत केलं तरी तेच येतं, मग खोटं कसं असेल. असं खोटं असतं.

आणि मला काय त्रास विचारलंत ना. माझ्याकडे एक आई मुलाला घेऊन आली होती, दहावीत जाणार होता. स्पायरल बाइंडिंगचा जाड रिपोर्ट, पहिल्याच पानावर दहा बोटांचे मोठे करून छापलेले ठसे, पुढे रंगीत वर्तुळं, 'लॉजिकल' समोर सगळ्यात छोटा तुकडा आणि त्याखाली पेनाने ओढलेली रेघ. मुलाने बीजगणित सोडून दिलं होतं, म्हणजे वही उघडायचाच नाही. मी विचारलं का रे, तर काही न बोलता त्याने उजव्या हाताचा अंगठा पुढे केला आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने त्यावर नुसता घासत बसला. आई म्हणाली, मॅडम, त्याच्यात ते नाहीचे, रिपोर्टमध्ये आलंय. मी त्याला साधी समीकरणं दिली, त्याला येत होती. पण 'तुला येतंय' हे त्याच्या गळी उतरवायला मला जे काही करावं लागलं त्याचा तुम्हाला अंदाज नाही. तर हा मला त्रास. फी तुमची गेली, त्याचं मला काही घेणं नाही.

'तंतोतंत जुळला' यावर मूळ लेखात लिहिलंय. फोररने १९४८ मध्ये सगळ्या विद्यार्थ्यांना ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेलं एकच वर्णन दिलं आणि त्यांनी त्याला पाचपैकी सरासरी सव्वाचारच्या वर मार्क दिले. विद्यार्थी ३९ होते, हो. त्यानंतर अनेकांनी अनेक ठिकाणी करून बघितलंय, तसंच आलंय. तुमच्या मुलीच्या रिपोर्टमधली तीन वाक्यं शेजारच्या मुलीच्या आईला वाचून दाखवा, नाव न सांगता.

माझा शब्द नको असेल तर इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीने या टेस्टला शास्त्रीय आधार नाही असं जाहीर केलेलं आहे, ते वाचा. आणि मुलीचा कल बघायचाच असेल तर ठाण्यात रीतसर शिकलेले काउन्सेलर आहेत, किंवा पुण्याला ज्ञान प्रबोधिनीकडे जा, तिथे मुलाला बसवून प्रश्न सोडवायला लावतात, बोटं स्कॅन करत नाहीत. कुठेही जा, पण आधी विचारा की ही टेस्ट कोणत्या मुलांवर बसवली आणि कशाशी पडताळली. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर उठून या.

तुमची कमेंट मी काढणार नाही, सगळ्यांना वाचू दे. तिच्याखाली ज्या आजींनी तुम्हाला साधा प्रश्न विचारला होता त्यांना तुम्ही 'अडाणी' म्हणालात, ती दुसरी कमेंट मात्र काढली आहे. त्या आजी निवृत्त शिक्षिका आहेत, आणि नसत्या तरी काढलीच असती.