रात्री बारा वाजता कोणते ऊन?

गाडी रात्री धडधाकट लावावी आणि सकाळी स्टार्टरने नुसती टकटक करावी, यावर सात रस्ता ते होटगी रोड प्रत्येक मेकॅनिकचे निदान एकच: "साहेब, सोलापूरचं ऊन, बॅटरी बदला." उन्हाने बॅटरीचे आयुष्य घटते हे मान्य, पण नवी कोरी बॅटरीही रात्रीतून आडवी होते, त्याचे काय? गाडी बंद असतानाही बॅटरीतून वीज कोण पितो ते शोधायला बॅटरीच्या निगेटिव्हची वायर सोडवून मध्ये मल्टिमीटर (प्रवाह मोजायचे यंत्र) जोडायचा, गाडीतली इलेक्ट्रॉनिक्स शांत होईपर्यंत थांबायचे आणि प्रवाह साधारण 50 मिलिअँपिअरच्या वरच राहिला, तर एकेक फ्यूज काढून आकडा कुठे कोसळतो ते पाहायचे, एवढ्यासाठी काय इस्रोतून माणूस बोलवायचा? मीटर ड्रॉवरमध्ये धूळ खातो, नव्या बॅटरीची पावती मात्र तत्काळ फाडली जाते. आणि बाहेरून बसवलेला तो स्वस्तातला स्टिरिओ, डिकीतला न विझणारा दिवा, यांच्याकडे पाहायचे कोणी?